बारा थप्प्यांची भाषा

इंजिनियर वर्षातून एकदाच येई, आणि आला की छापखान्यातल्या मोठ्या मशीनसमोर उभा राहून चांगली दहा मिनिटं बोले. एक हात मशीनच्या अंगावर, मधेच हसणं, मधेच बोटाने कुठेतरी दाखवणं. सगळे कान टवकारून ऐकत आणि कुणाला ओ की ठो कळत नसे, कारण ज्या परमुलखात ते मशीन बनलं होतं तिथल्याच भाषेत तो बोले. मग सगळ्यांच्या माना टायवाल्याकडे वळत. टायवाला म्हणजे मशीन विकणाऱ्या कंपनीचा इथला माणूस. बारा महिने गळ्यात टाय, आणि इंजिनियरसोबत दुभाष्या म्हणून यायचा. तो घड्याळात बघे आणि सांगे, "अजून एक वर्ष चालेल म्हणतात."

बस्स. दहा मिनिटांचं बोलणं आणि पदरात पडले ते चार शब्द.

मशीनमनला हे आठ वर्षं खुपत होतं. वय छप्पन्न, त्यातली तीस वर्षं याच मशीनपाशी गेलेली. चालू मशीनकडे पाठ करून चहा पीत असला तरी कुठला रोलर कुरकुरतोय ते सांगायचा, असा त्याचा कान. त्याची बायको त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, बाइंडिंगला होती. नवरा छापायचा आणि बायको त्या कागदांची पुस्तकं करायची. दिवसभर दोघं एकाच छपराखाली आणि बोलायला मात्र फक्त चहाची आणि जेवणाची सुट्टी, कारण मशीन चालू असताना तिथे ओरडूनही ऐकू जात नसे. संसार सुखाचा व्हायला हे एक कारण पुरे होतं, असं बायको हसून सांगायची.

गेल्या वर्षी टायवाल्याने चार शब्दांना आणखी तीन जोडले. "अजून एक वर्ष चालेल. पुढच्या वर्षी बघू, म्हणतात." मालकीणबाई नवीन होत्या, वडिलांच्या मागे छापखाना त्यांच्याकडे आला होता. पोरगी मनाने चांगली, पण घाईची. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी संपलं म्हणाले तर नवीन मशीन घेऊन टाकू. त्याच्यासोबत ट्रेनिंग झालेली माणसंही मिळतात." मग त्यांचं लक्ष मशीनमनकडे गेलं. त्याला त्या काका म्हणत. काकांचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

घरी आल्यावर मशीनमनने बूट काढले आणि ते हातात धरूनच म्हणाला, "दहा मिनिटं बोलून माणूस नुसतं 'एक वर्ष' म्हणत नसतो. काहीतरी इलाज सांगत असणार तो. आणि हा टायवाला गिळून टाकतो. नवीन मशीन खपवायचंय ना त्याला!"

"मग काय करणार?"

"पुढच्या वर्षी माझ्या कानांनी ऐकणार. भाषा शिकणार मी त्याची."

बायको इतकी हसली की कपातला चहा बशीत आला. हसणार नाही तर काय? शाळेत ज्याने भाषेच्या तासाला दांड्या मारल्या, लेकीला पत्र लिहायचं तर जो मजकूर बायकोला सांगून मोकळा व्हायचा, तो आता परकी भाषा शिकणार होता आणि तीही मास्तराशिवाय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोनवरच्या धड्यामागून काहीतरी पुटपुटत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा घाम होता की तिचं हसू ओठांवरच राहिलं.

त्याच्याकडे साधनं तीन. एक तो फोनवरचा धडा. त्यात एक बाई आणि एक बुवा रोज स्टेशनवर जात आणि पाणी मागत. "ह्यांना तहान फार," असं म्हणून मशीनमनने पंधरा दिवसांत त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला, तरी ऐकणं काही सोडलं नाही. दुसरा होता जुन्या बाजारातला शब्दकोश, ज्याची शेवटची चाळीस पानं गायब होती. म्हणजे त्या भाषेत शेवटच्या अक्षरांनी ज्या ज्या वस्तू सुरू होतात त्या ह्यांच्या जगात वर्षभर नव्हत्याच. आणि तिसरं, खरं साधन म्हणजे मशीनसोबत आलेलं जाडजूड माहितीपुस्तक. तेलाने पिवळं पडलेलं, कपाटात तीस वर्षं कुणी न उघडलेलं. तो त्याचा धर्मग्रंथ झाला.

आता यंत्राच्या पुस्तकातून जो भाषा शिकेल तो बोलणार कसा? मशीनमनला त्या भाषेत नुसते हुकूम देता येऊ लागले. बायकोने चहा पुढे ठेवला की तो तिकडच्या भाषेत गंभीरपणे म्हणे, "सावधान! पृष्ठभाग गरम आहे." दार उघडताना म्हणे, "झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा." एकदा ती तापाने पडली होती तर तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "बिघाड आढळल्यास यंत्र चालवू नये." मग अर्थ सांगितला. तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तीस वर्षांत ह्या माणसाने तिला 'आज कामावर जाऊ नकोस' असं कधी सरळ म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात त्याने सोडून दिलं. सगळं गाठोड्यात बांधून कपाटावर टाकलं आणि अकरा दिवस नावही काढलं नाही. बायकोही काही बोलली नाही. टोमणे मारायची तिला सवय होती, पण कुठे मारायचे नाहीत हेही ठाऊक होतं. बाराव्या दिवशी तोच उठला, गाठोडं खाली काढलं आणि एक पान सबंध सुट्टीचा दिवस घालवून सोडवलं. त्यात एका मोठ्या झाकणाचे आठ बोल्ट कसे आवळायचे ते लिहिलं होतं. एकापाठोपाठ गोल आवळायचे नाहीत, तर एक इकडचा झाला की दुसरा त्याच्या समोरचा. छापखान्यात सगळे ते गोल आवळत आले होते, त्याच्या उस्तादापासून. दुसऱ्या दिवशी त्याने ते समोरासमोर आवळले आणि मशीन सुरू केलं.

मशीनमध्ये एक बारीक खरखर होती. तीस वर्षं होती, म्हणून ती आवाजातच धरली जायची. ती थांबली. खिडकीशी उभ्या बायकोला आधी कळेचना काय बदललंय, मग कळलं. हॉलच्या त्या टोकाला तो पान्हा हातात घेऊन उभा होता, तोंड उघडं. तिला वाटलं धावत जावं आणि ह्या माणसाला मिठी मारावी. पण चार माणसं होती, आणि तिच्या हातात अर्धं पुस्तक होतं.

तिच्या कामाबद्दल सांगायला हवं. छापलेला मोठा कागद घडी घालून झाला की त्याला फर्मा म्हणतात. एका पुस्तकाचे असे बहुधा बारा फर्मे. ते लांब टेबलाच्या कडेने बारा थप्प्यांत मांडायचे आणि टेबलाभोवती चालत प्रत्येक थप्पीवरचा एकेक उचलत जायचं. एक फेरी झाली की एक पुस्तक झालं. दिवसाला अशा कितीतरी फेऱ्या. काम सोपं, पण एक थप्पी चुकली तर पुस्तकातली सोळा पानं गेली, आणि शिव्या बाइंडिंगवालीच्या वाट्याला. म्हणून ती मनात मोजायची. एक, दोन, तीन, ते बारापर्यंत, की पुन्हा एक. मोजणं चुकलं तर हातही चुकायचा.

मशीनमनने भाषा पुन्हा धरली तेव्हा त्याने बायकोला परीक्षक नेमलं. रोज सकाळी तो वाया गेलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर एकेक असे बारा शब्द लिहून आणी. शब्द परका, पण अक्षरं आपली, आणि खाली अर्थ. ते बारा कागद ती टेबलावर बारा थप्प्यांसमोर मांडून ठेवी. चहाच्या सुट्टीत तो येई, हात पुसे आणि परीक्षेला उभा राही. कागद आपल्याकडे धरून ती अर्थ वाचायची, त्याने शब्द सांगायचा. बारात सात आले तर खूश. पुढे पुढे शब्दांच्या जागी वाक्यं आली. चुकला की तो स्वतःच्याच कपाळावर शाईचा हात मारून घ्यायचा, आणि उरलेला दिवस कपाळावर पट्टा घेऊन हिंडायचा.

"तुमचं डोकं आहे की गाळणं?" ती म्हणायची. पण मनातून तिला कौतुक वाटायचं, आणि ते वाढतच होतं. बाकीच्या बायका नवऱ्याच्या पगाराचं, तब्येतीचं, व्यसनाचं बोलत. ती बोलायची, "आमचे हे काल 'जोपर्यंत' शिकले." ऐकणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या. बघू देत.

आणि दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर ते बारा कागद असायचे. थप्पीवरचा फर्मा उचलताना समोरचा शब्द नजरेत यायचा. कधीतरी, कधी ते तिलाही सांगता येणार नाही, मनातलं एक-दोन-तीन गळून पडलं आणि त्या जागी ते शब्द आले. पहिल्या थप्पीला 'कान', दुसरीला 'ऐकणे', तिसरीला 'जुना'. रोज नवे बारा, आणि दिवसाला शेकडो फेऱ्या. शब्द म्हणत गेलं की थप्पी चुकत नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. सकाळी भाजी चिरताना ते तहानलेलं जोडपंही कानावर पडत असायचंच. पण शिकत होते ते तिचे 'हे'. ती आपली कागद धरायला.

असं वर्ष सरलं आणि इंजिनियर आला. केस आणखी पांढरे झालेले, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. मागे टायवाला. मालकीणबाई दाराशी उभ्या, आणि त्यांच्या बाजूला धुतलेल्या शर्टातला मशीनमन. स्वागत कसं करायचं हे माहितीपुस्तकात नव्हतं. ऐन वेळी फोनवरचं जोडपंही दगा देऊन गेलं. मशीनमनने छाती भरून श्वास घेतला आणि त्या भाषेत खणखणीत आवाजात म्हटलं, "यंत्राजवळ येण्यापूर्वी सैल कपडे आवरून घ्यावेत!"

इंजिनियर जागीच थांबला. त्याने मशीनमनकडे बघितलं, मग टायवाल्याच्या लोंबत्या टायकडे बघितलं आणि असा खळखळून हसला की हॉलमधल्या सगळ्यांना, काही न कळता, हसू फुटलं. मग त्याने स्वतःच्या हाताने तो टाय उचलून टायवाल्याच्या शर्टात खोचला आणि मशीनमनचा हात दोन्ही हातांत धरला. टायवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खिडकीशी बायकोने पदर तोंडावर दाबला, पण ऊर असा भरून आला होता की काय विचारता.

इंजिनियरने मशीन तासभर तपासलं. झाकणं उघडली, रोलर फिरवले, आत दिवा घालून पाहिलं, ते आठ बोल्ट पाहून मशीनमनकडे वळून मान डोलावली. मग मशीन चालवून पाहिलं. ते बंद झालं, हॉल शांत झाला आणि दर वर्षीसारखा हात मशीनवर ठेवून तो बोलू लागला.

बायकोचं काम थांबलेलं नव्हतं. ती फेऱ्या घालत होती. पाचव्या थप्पीवरचा फर्मा उचलला आणि तिचा हात हवेतच राहिला. तो बोलत होता ते नुसते आवाज नव्हते. शब्द होते. 'मोठा सिलिंडर', ती मनात म्हणाली. 'झिजला.' 'दुरुस्त होत नाही.' काही निसटत होते, पण मागचे-पुढचे हाती लागत होते आणि मधलं आपोआप भरत होतं. मशीन संपलं होतं. इलाज नव्हता. टायवाल्याने काही गिळलं नव्हतं, निदान मशीनबद्दल तरी. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. त्याचा चेहरा उतरला आणि तो हातातल्या फडक्याने मशीनची कड पुसू लागला.

पण इंजिनियर थांबला नव्हता. मशीनचं बोलणं संपवून तो आता माणसाबद्दल बोलत होता. त्याची नजर मशीनमनवर होती आणि आवाज बदलला होता. मशीनमनचे कान लाल झाले. फडकं त्याच एका जागेवर फिरत राहिलं.

दहा मिनिटं झाली. टायवाल्याने घड्याळ पाहिलं. "मशीन संपलं म्हणतात, मॅडम."

मालकीणबाईंनी मान हलवली. मग त्या मशीनमनकडे वळल्या. "काका, तुम्ही वर्षभर अभ्यास केलात. बरोबर सांगताहेत ना हे?"

"बरोबर आहे," मशीनमन म्हणाला.

"तेवढंच म्हणाले?"

त्याने घसा साफ केला. स्वतःची टिमकी वाजवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, आणि आज तर नोकरी जायच्या बेतात असताना ते भीक मागितल्यासारखं दिसलं असतं. "तेवढंच," तो म्हणाला.

वर्षभर ज्या दहा मिनिटांसाठी ह्या माणसाने जिवाचं रान केलं, ती मिळाली तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने पुरून टाकली! बायकोच्या अंगाची लाही झाली. आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण पुढे जे बोललं ते तिचंच तोंड होतं.

"तेवढंच नाही म्हणाले ते."

सगळे वळले. तिच्या हातात ते पाच फर्मे तसेच होते. "ते म्हणाले, हे मशीन दहा वर्षांपूर्वीच मरायला हवं होतं. जगात असं मशीन आता कुठेच चालू नाही. हे चाललं ते ह्यांच्या कानामुळे. ते म्हणाले, मशीन जुनं झालं, कान जुना झालेला नाही. नवीन आणा, पण ते ह्यांच्या हाती द्या, आणि तिकडून येणाऱ्यांना ह्यांच्याजवळ शिकायला उभं करा." तिने श्वास घेतला. "आणि म्हणाले, ह्यांच्या कानाचं हे मी दर वर्षी सांगतो. दर वर्षी हा माणूस माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी बोललोच नाही."

मालकीणबाई टायवाल्याकडे वळल्या. "असं म्हणाले?"

टायवाला काही लबाड नव्हता. वर्षभर त्याला नवरा-बायकोने जे जे म्हटलं होतं त्यातलं बरंच त्याला लागू नव्हतं. त्याने टाय शर्टातून बाहेर काढला, पुन्हा आत खोचला. "म्हणाले असतील, मॅडम. म्हणतात ते तसं. मी कामाचं तेवढं सांगतो. कौतुक वगैरे..."

"आठ वर्षं?" मालकीणबाई म्हणाल्या.

इंजिनियरला आपलेच शब्द ही बाई सांगते आहे एवढं कळलं असावं. तो टेबलाशी आला आणि बायकोला काहीतरी विचारलं. हळू, सोपं करून. कुठे शिकलात?

ती गोंधळली. मग आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्या भाषेत, तिने टेबलाकडे बोट केलं आणि म्हटलं, "इथे. चालताना." इंजिनियर टेबलाकडे आणि तिच्या पायांकडे बघत राहिला. मग त्याने नवऱ्यासारखाच तिचाही हात दोन्ही हातांत घेतला. फर्म्यांसकट.

मालकीणबाईंनी फार बोलणं केलं नाही. मुलगी घाईची होती, आणि घाईचा त्या दिवशी उपयोग झाला. "काका, नवीन मशीन तुम्ही बघायचं. माणसं येतील ती तुमच्या हाताखाली. पक्कं," त्या म्हणाल्या आणि इंजिनियरला घेऊन आपल्या खोलीकडे निघाल्या. टायवाला मागून गेला. बाकीचे आपापल्या कामाला लागले, म्हणजे लागल्याचं दाखवू लागले.

मशीनमन हॉलच्या त्या टोकाकडून या टोकाला चालत आला. सुट्टी नव्हती, तरी आला. डोळे पुसायचे होते, पण फडकं तेलाचं होतं, म्हणून तसाच उभा राहिला. त्याला बहुधा खूप काही म्हणायचं होतं, आणि कुठल्याच भाषेत ते सापडत नव्हतं.

"अगं, मला त्यातलं निम्मंच कळलं होतं," शेवटी तो म्हणाला. "ते शेवटचं, दर वर्षी सांगतो म्हणाले ते, मला लागलंच नाही. तू कधी शिकलीस एवढं?"

"तुम्ही शिकत होतात तेव्हाच."

"आणि वर्षभर मला बोलली नाहीस?"

तिने हातातले पाच फर्मे टेबलावर ठेवले. आता तिचेही डोळे भरले होते. "मला तरी कुठे माहीत होतं?" ती म्हणाली.